चाकाखालचा दगड

उसाचा हंगाम सुरू झाला की मी रस्त्यापेक्षा रस्त्यातले दगडच जास्त बघते. उमापूरजवळ शेतात आमचं घर आहे, आणि तिथून गेवराईला शाळेत जाताना मधे एक लांब चढ लागतो. उसाचं ट्रॅक्टर त्या चढावर हमखास दमतं. मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या त्याला उलट खाली ओढू लागतात, इंजिनाचा आवाज बदलतो, आणि ड्रायव्हरचा सोबती उडी मारून हाताला लागेल तो दगड चाकामागे सरकवतो. ट्रॅक्टर जरा दम खातं, काळा धूर ओकतं आणि पुन्हा निघतं. सोबती पळत जाऊन मागे लोंबकळतो. दगड मात्र भर रस्त्यात तसाच राहतो. तो बाजूला करायला कुणी थांबत नाही, कारण थांबलं की पुन्हा दगड लागणार.

असे दगड मी स्कूटी कडेला लावून उचलते. मागून येणारे ओळखीचे लोक हसतात. "मॅडम, रस्ता तुमच्या नावावर झाला का काय?" मला हसू येत नाही. रस्त्यातला दगड दिसला की माझ्या मनात पहिल्यांदा हेच येतं, की हा कुणी ठेवला आणि का ठेवला. उत्तर माहीत असतं, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. गेल्या दोन वर्षांत ती खोडच लागली आहे.

संशयी तर मी आधीपासूनच आहे. दुधाच्या मापापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, आल्यागेल्याला सांगतात, "देवानं सोता येऊन निवद खाल्ला तरी आमची सून ताट पालथं घालून बघंल." माझा धाकटा दीर अंकुश मला तोंडावर फौजदार म्हणतो. आमचे हे नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळे शेत, ट्रॅक्टर आणि माझ्या शंका या तिन्हींना तोंड द्यायची पाळी अंकुशवरच येते.

शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीला गतीचे नियम शिकवायची वेळ येते तेव्हा बाहेर पेरण्यांची घाई असते, आभाळ भरलेलं असतं, पण मला त्या धड्यापाशी माघातलं कोरडं ऊन आठवतं. पहिला नियम मुलं घडाघडा म्हणतात. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चालती वस्तू सरळ रेषेत चालतच राहते, जोवर बाहेरून एखादं असंतुलित बल येऊन तिला हलवत किंवा अडवत नाही. मग एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे का जातो, घोंगडी झटकली की धूळ का उडते, अशी उदाहरणं होतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, आमचं चुलतं सकाळधरनं पारावर बसलंय. त्येला बल लागलं न्हाई म्हनून का?"

वर्ग हसला. मीही हसले, पण सोडलं नाही. म्हटलं, "तुझ्या चुलत्यांना पृथ्वी खाली ओढतेय, आणि पार त्यांना तेवढ्याच जोराने वर रेटतोय. दोन्ही जोर सारखे आहेत म्हणून ते बसलेत. एक जरी कमी पडला तरी ते हलतील."

"मंग पारच पाडावा लागंल," ती म्हणाली.

मुलं चुलत्याला विसरत नाहीत, पण त्यामागची गोष्ट विसरतात. स्वस्थ दिसणारी वस्तू स्वस्थ नसते. तिच्यावर दोन्हीकडून जोर चाललेला असतो आणि तो तेवढ्यापुरता बरोबरीत सुटलेला असतो. म्हणून थांबलेल्या कुठल्याही गोष्टीचा मला भरवसा वाटत नाही. भिंतीला टेकवलेली शिडी, उतारावर उभी केलेली गाडी, जेवताना एकदम गप्प झालेलं घर. कुणीतरी त्यांना धरून ठेवलेलं असतं, आणि ते कोण हे आपण बघितलेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम ध्यानात राहिला तो वासासकट. पहाटे दार उघडलं की हवेत उसाचा गोडसर, जरा आंबूस वास. बांधापलीकडे कुणीतरी हुरडा भाजत असलं की त्यात धुराचा वास मिसळायचा. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, त्या दिवसांत घरभर असतात. गोठ्यात, केसांत, चहाच्या कपात. हाताला लागली की दिवसभर खाज. तोडणी आमच्या वरच्या रानात चालू होती. भरलेली ट्रॉली भुसभुशीत मातीतून ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलायचं, पुढची दोन्ही चाकं अधांतरी फिरायची. मग इंजिनाच्या पुढे लोखंडावर माणसं बसवायची, वजन म्हणून. अंकुश अंगाने चांगला भक्कम, या कामाला अगदी लायक, पण ट्रॅक्टर चालवायचाही तोच. आपलं एवढं वजन मागच्या बाजूला वाया जातं याचं त्याला खरंच वाईट वाटायचं.

आमचं अंगण उतरतं आहे. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला गोठा. रानातून आलेली पहिली ट्रॉली या उतारावर सोडायची, चाकाखाली दगड लावायचा, आणि ट्रॅक्टर दुसरी ट्रॉली आणायला परत रानात जायचं. दुसरी आली की दोन्ही जोडून कारखान्याची वाट धरायची. या कामाचा एक काळा दगड अंगणात कायम पडलेला असायचा. माझे सासरे होते तेव्हापासूनचा. त्याला कुणी दगडही म्हणत नसे. "चाकाचा लावला का?" एवढंच विचारायचे.

त्या वर्षी अंगणाच्या कडेने गेलेला पाण्याचा पाइप फुटला आणि उतारावर चिखल झाला. चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. अंकुशने चिखलावर पाचट अंथरलं, ते मातीत रुतलं आणि चाकांना पकड मिळाली. चांगली युक्ती होती, मीही वर्गात घर्षणाचं उदाहरण म्हणून सांगून टाकली. पुढे पाइप दुरुस्त झाला, चिखल वाळून टणक झाला, त्यावर नवं पाचट पडत राहिलं. ते झाडून काढायला हवं, असं कुणाच्याच मनात आलं नाही. संशय घ्यायला हजार गोष्टी होत्या, पायाखालच्या पानांवर कोण घेणार?

त्याच दिवसांत खालच्या रानात धुळाबांच्या मेंढ्या बसल्या होत्या. धुळाबा पाटोद्याकडच्या डोंगरातले मेंढपाळ. दिवाळी झाली की घोडीवर संसार लादून गोदावरीच्या अंगाला उतरायचे. कापूस निघालेल्या रानात रात्री जाळी लावून मेंढ्या बसवायच्या, रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना त्याबदली ज्वारी. अंकुश पाळण्यात होता तेव्हापासून ते आमच्याकडे येत. अंकुशला ते बाळ म्हणायचे आणि अंकुश त्यांना आबा. ट्रॅक्टरवर जेमतेम मावणाऱ्या त्या देहाला कुणी "बाळ, च्या घेतलास का?" म्हटलं की मी पदर तोंडाला लावून आत जायची.

माझं त्यांच्यावरही लक्ष होतंच. मेंढ्या उसात शिरतात का, त्यांचं कुत्रं आमच्या कोंबड्यांकडे कसं बघतं, हे मी ओट्यावरून न्याहाळायची. त्यांच्या बायकोची, लक्षीमावशीची, एक रीत मला पहिल्याच वर्षी खटकली होती. बांधावरचे तीन दगड काढून ती चूल मांडायची, आणि निघायच्या दिवशी तेच दगड ज्या खळग्यातून काढले त्याच खळग्यात परत बसवायची, काळं झालेलं तोंड आत वळवून. एवढी उठाठेव कशासाठी, असं मी तिला विचारलं होतं.

"बांधाचा दगुड हाय बाई," ती म्हणाली. "त्यो हालला की भावाभावात डोकी फुटत्यात. आमी जातो निघून. भांडन ऱ्हातंय तुमच्या रानात."

उत्तर इतकं चांगलं होतं की मला त्याचाही संशय आला होता.

तो रविवार होता. मी ओट्यावर पेपर तपासत बसले होते. सकाळी धुक्यात आणलेली ट्रॉली उतारावर उभी होती, गच्च भरलेली. अंकुश दुसरी काढायला रानात गेला होता आणि ती काही केल्या निघत नव्हती, इंजिनाचा रडका आवाज तिकडून येत होता. धुकं कधीच विरलं होतं, ऊन कडक झालं होतं. आत्याबाई गोठ्यापाशी कालवडीशेजारी सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. तहान लागली म्हणून त्या उठल्या आणि माझ्या शेजारून आत गेल्या. त्यांची पाठ दारातून आत वळली असेल नसेल, तेवढ्यात पाचटावर खसखस झाली.

मला वाटलं मेंढ्या आल्या. मी मान वर केली ती धुळाबांच्या मेंढ्यांना हाकलायला. आणि बघते तर ट्रॉली चालली होती. ट्रॅक्टर नाही, माणूस नाही, इंजिन नाही. आधी इतकी सावकाश की आपले डोळे फिरले की काय असं वाटावं, मग प्रत्येक हातभर अंतराला आधीपेक्षा जोरात. इतकी वर्षं मी फळ्यावर उतार काढते, उतारावर ठोकळा काढते, ठोकळ्याला बाण काढते. खऱ्या उतारावर खरा ठोकळा सुटला, आणि मी हातातलं पेन तसंच धरून बघत बसले.

गोठ्याचा खांब कडाडला, पत्रा खाली आला, ऊस ओतला गेला. कालवड त्याखाली होती. तिला वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूप मात्र शाबूत, तुरीसकट, एका बाजूला पडलेलं होतं. आत्याबाई हातात तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्या सुपाकडेच बघत राहिल्या.

अंकुश रानातून पळत आला. शेजारपाजारचेही जमले. उतारावर जिथे ट्रॉली उभी होती तिथे दगड नव्हता. त्याने कालवडीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाला, "दगड कुनी काढला?"

मी या प्रश्नाचा पुढे खूप विचार केला. दगड कुठे गेला, असं त्याने विचारलं नाही. काढला असंच धरून तो निघाला. जमलेल्यांतही कुणी थबकलं नाही, मीसुद्धा नाही. इतका मोठा आघात झाला की त्यामागे तेवढंच मोठं कुणीतरी असेल असं वाटतं. नुसतं ऊन, नुसतं पान एवढं सगळं करील हे मनाला पुरत नाही. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मेंढक्याच्या चुलीला नवा दगुड हाय. सकाळच्याला बघितला म्या."

सगळे खालच्या रानात गेले. मीही गेले. चुलीवर भाकरी चालू होती. तीन दगडांपैकी दोन काळेठिक्कर आणि एक नवा, जेमतेम एका बाजूने धुरकटलेला. आकाराने आमच्या दगडाएवढाच. आमच्याकडचे दगड सगळे एकाच काळ्या रंगाचे, त्यांत काय ओळखायचं?

लक्षीमावशीने तवा उतरवला. धुळाबा घोंगडी सावरत उभे राहिले. "आधीचा दगुड ताव लागून तडकला, बाळ," ते म्हणाले. "ह्यो म्या बांधावरनं आनलाय. जागा दावतो, चल."

"बांधावरनं आनला, का अंगनातनं?" अंकुश म्हणाला. "दगडावर नाव असतंय का बे?"

इकडे बे हा शब्द मित्र मित्राला वापरतो, थोरला धाकट्याला वापरतो. पांढऱ्या मिशांच्या माणसाला कुणी बे म्हणत नाही. जमलेल्यांतले एकदोघे खाली बघायला लागले. अंकुशलाही ते ऐकू आलं असावं, पण सुटलेला शब्द परत घ्यायला तो थांबला नाही. "माजी माय बसलीती तिथं," तो म्हणाला. "मेलीस्ती माजी माय."

धुळाबांनी चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाले, "न्हाई मालक. दगडावर नाव नसतंय."

मालक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बांधावरची जागा बघायला कुणीच गेलं नाही. मी एकटी गेले. लक्षीमावशीने बोटाने दाखवली होती तिथे खरंच एक ताजा खळगा होता, आतली माती अजून ओलसर. पण माझ्या डोक्यातला फौजदार म्हणाला, खळग्याने काय सिद्ध होतं? इथून कधीतरी एक दगड निघाला, एवढंच. मी परत आले आणि कुणाला काही बोलले नाही.

दिवस मावळायच्या आत जाळी निघाली, घोडी लादली गेली. जुने दोन दगड त्यांनी बांधाला परत बसवले. तिसरा धुळाबांनी खांद्यावर उचलून आणला आणि आमच्या अंगणात, चाकाच्या दगडाची जागा होती तिथे ठेवला. कुणाकडे बघितलं नाही. मेंढ्यांचं मोठं सोपं असतं, एक वळली की सगळ्या वळतात. कळप रस्त्याला लागला, घुंगरांचा आवाज चढापर्यंत येत राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "च्या बी न घेता गेली की रं मानसं."

पुढचे दिवस सांडलेला ऊस उचलण्यात गेले. अर्धाअधिक ढीग निघाला आणि त्याखाली, उतार संपतो तिथे, पाचटात तोंड खुपसून आमचा चाकाचा दगड सापडला. मी तो उलटा केला. तळाला पानांचे धागे घासून चिकटलेले. मग मी उतारावरचं पाचट हाताने बाजूला केलं. टणक मातीवर वरपासून खालपर्यंत एक लांब ओरखडा होता, चाकाच्याच सरळ रेषेत. दगड कुणी काढला असता तर तो बाजूला पडला असता, असा ओढत गेला नसता. सकाळी पाचट दवाने ओलं, मऊ होतं, त्याने दगड धरला. दुपारी ते कडक वाळलं आणि गुळगुळीत झालं. मग चाकाने दगडाला रेटलं, दगड पानांवरून सटकला, आणि ट्रॉली त्याला पुढे घालूनच उतार उतरली. पुढे कुठेतरी चाक त्याच्यावरून गेलं असणार.

आता अंगणात दोन दगड झाले. धुळाबांनी ठेवलेला दगड मी घमेल्यात घातला, बांधावर नेला आणि त्या खळग्यात टेकवला. तो आत गेला आणि हिरडीत दाढ बसावी तसा बसला. थोडा फिरवून बघितला, दुसऱ्या कुठल्याही बाजूने बसेना. त्या दिवशीच मी हा दगड इथवर उचलून आणला असता तर? माझ्या संशयाला सगळ्यांवर डोळा ठेवायला सवड होती, एवढं साधं करून बघायला नव्हती. मला माझाच राग आला.

अंकुशला अंगणात बोलावलं. चाकाचा दगड आधी उघड्या मातीवर ठेवला आणि म्हटलं, "भावजी, पायानं ढकला." त्याने जोर लावला, दगड जागचा हलेना. मग तोच वाळल्या पाचटावर ठेवला. त्याने पाय लावला आणि दगड निघाला, पार अंगणाच्या कडेच्या कठड्याला जाऊन लागला. अंकुश पाचटाकडे बघत राहिला. ते त्यानेच अंथरलेलं होतं.

"गावात सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"सांगू की," तो म्हणाला. आणि ट्रॅक्टरला किल्ली मारून निघून गेला.

त्याने सांगितलं नाही. मी शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, लोक मान हलवून म्हणाले, "असंल बाई, तुमी शिकलेल्या." पण मेंढक्याने दगड काढला आणि कालवड मेली, ही गोष्ट एव्हाना आमच्या शिवारातून सुटून गेवराईच्या बाजारापर्यंत गेली होती. ती ज्याच्या तोंडून निघाली त्यानेच तिला अडवायला हवं होतं. माझ्या बोलण्याने ती थांबेना, आणि अंकुश गप्प. जेवताना तो ताटात बघायचा. फौजदार म्हणणंही त्याने बंद केलं. मला तो गप्पपणा ओळखीचा होता, दोन्हीकडून सारखा जोर लागलेला. एकीकडे आबा आणि दुसरीकडे गावासमोर स्वतःचं पाचट.

त्याच्या पुढच्या वर्षी धुळाबा आले नाहीत. खालचं रान तसंच राहिलं. आत्याबाई दिवाळीनंतर रोज संध्याकाळी रस्त्याच्या अंगाला जाऊन उभ्या राहायच्या. कशाला, असं आम्ही विचारत नव्हतो.

यंदा पुन्हा ऊस सुरू झाला, पुन्हा रस्त्यात दगड आले. परवा शाळेतून येताना हायवेवर गाड्यांची रांग लागलेली दिसली. एक कळप रस्ता ओलांडत होता. भरधाव आलेला ट्रक ब्रेक लावूनही कितीतरी पुढे सरकत आला, टायरचा करपट वास सुटला, आणि मेंढ्या आपल्या एका चालीने चालत राहिल्या. मागून घोडी आली, घोडीमागे लक्षीमावशी. मी स्कूटी सोडून धावले. तिने मला ओळखलं, थांबलीही, पण हसली नाही.

"तेलगावकडं चाललोय बाई," ती म्हणाली. "इकडं कोन बसू देतंय? जाऊ तिथं इचारत्यात, दगुड काढनारे तुमीच का."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. अंकुशचा घास हातात राहिला. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "चारचौघांत तूच बोल्लास ना? मंग तूच जा."

तो खरंच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटरसायकल घेऊन. मी अर्थातच संशय घेतला, की अर्ध्या वाटेतून परत येईल, की गाठच पडली नाही म्हणून सांगेल. दुपार कलली तेव्हा चढावरून घुंगरं ऐकू आली. कळपापुढे अंकुश मोटरसायकल हाताने ढकलत चालत येत होता, इंजिन बंद करून, मेंढ्या बिचकू नयेत म्हणून.

तमाशा बघायला शेजारी जमलेच होते. अंकुश अंगणात त्याच उतारावर उभा राहिला. घसा दोनदा खाकरला. म्हणाला, "ऐका समदे. त्या वक्ताला दगड कुनी काढला न्हवता. पाचट म्या टाकलंतं, त्याच्यावरनं घसरला. मला तवाच कळलंतं. म्या बोल्लो न्हाई." एवढं सगळं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच सलग म्हटलं असेल. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची कीव आली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

धुळाबा घोंगडी खांद्यावर घेऊन ऐकत होते. दोन वर्षांत ते पुष्कळ वाकले होते. "बरं," म्हणाले. आत्याबाईंनी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, थांबली एकदाची ती गोष्ट.

खालच्या रानात घोडी उतरवायला घेतली. घोंगड्या निघाल्या, जाळी निघाली, भांडी निघाली, एक कोकरू निघालं. सगळ्यात खाली, घोडीच्या पाठीला लागून, गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड होतं. अंकुश पुढे झाला आणि त्याने गाठ सोडली. आत तीन दगड होते. तिन्ही सगळीकडून काळेशार, कितीतरी चुलींचा धूर खाल्लेले.

आमचा मुलूख असा आहे की नांगर घातला तरी दगड, विहीर खणली तरी दगड. पायाला ठेच लागल्याशिवाय इथे कुणी मोठं होत नाही. त्या मुलखातून ही माणसं गावोगाव दगडांचं ओझं वाहत हिंडत होती. घोडीच्या पाठीवर त्या ओझ्याचा वण पडला होता, तिथले केस गेले होते.

"आबा," अंकुश म्हणाला. "आपल्या बांधावर दगडं काय कमी हायत का?"

"लई हायत," धुळाबा म्हणाले.

अंकुश खाली वाकला. त्यातला एक दगड त्याने दोन्ही हातांनी धरला, चुलीच्या जागेवर नेऊन ठेवावा म्हणून. धुळाबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दगड हळूच स्वतःकडे घेतला.

"ऱ्हाऊ द्या मालक," ते म्हणाले. "ह्यो आमचा हाय."